दीडशे दगड आणि एक तास

आमची ताई कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होती. दगडांची राखणदार, असं मी तिला चिडवायचो. विभाग बंद झाला आणि तिथले दीडशे नमुने नव्या पार्किंगच्या भरावात टाकायचं ठरलं. ताईने ते टेम्पोने घरी आणले आणि शाळांचे उंबरठे झिजवायला लागली. घरमालक तर डोक्यावर बसला होता: महिनाअखेर दगड तरी जातील, नाहीतर तुम्ही. शेवटी एका शाळेच्या मुख्याध्यापिका कशाबशा तयार झाल्या. एक तास घ्या, मुलं रमली तर रिकामी खोली देते, म्हणाल्या.

आदल्या दिवशी ताई तिथे मोठा नकाशा लावायला गेली. एवढ्या वर्षांची धूळ घेऊन मुलांपुढे काय जायचं, असं माझ्या सुपीक डोक्यात आलं. मी साबणाच्या पाण्यात सगळे दगड घासून लख्ख केले. प्रत्येकावर आकड्याची चिठ्ठी डकवलेली होती, तीही निघाली. मिठाचा खडा हातातच विरघळायला लागला तेव्हा मी हसलो. हसलो!

ताई आली, वाळत घातलेला एकेक दगड उलटून बघायला लागली.

"आकडे कुठेत?"

"तू तर डोळे मिटून दगड ओळखतेस की."

"दगड ओळखते रे. कुठे सापडला, ते आकड्यावरून वहीत बघायचं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा सगळा तास त्यावरच होता. प्रत्येक मुलाने दगड नकाशावर त्याच्या जागी ठेवायचा, मग कुठे समुद्र होता, कुठे लाव्हा वाहिला, ते आपोआप दिसणार.

"अंदाजे सांग ना," वर्गाच्या दारात मी गयावया केली. "मुलांना काय कळतंय?"

"म्हणूनच नाही सांगायचं," ती म्हणाली.

पहिल्या बाकावरची मुलगी शिंपला रुतलेला दगड घेऊन उठली. "बाई, हा कुठे ठेवू?"

"मला माहीत नाही, बाळा."

दुसऱ्यालाही तेच उत्तर. चौथ्याला वर्ग खिदळायला लागला. मुख्याध्यापिकांनी घड्याळ पाहिलं. "तयारी करून यायचं हो," म्हणाल्या. घाण मी केली आणि बोलणी तिने खाल्ली. माझं नाव काही तिने घेतलं नाही.

महिनाअखेरीला ताईने स्वतःच टेम्पो बोलावला.

"पार्किंगखाली गेले की बरं," ती म्हणाली. "कुठे आहेत, एवढं तरी कुणाला सांगता येईल."

मी एकेक दगड तिच्या हातात देत राहिलो.