मालूताईंची साळू

मिसरोदहून फोन आला तेव्हा मी भोपाळच्या अशोका गार्डनमधल्या आमच्या घरी मेथी निवडत बसले होते. मालूताईंची शेजारीण होती. "आंटीजी नहीं रहीं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं. आता यांची माफी मागायला नको, हा पहिला विचार... माणूस गेल्यावर सगळे गोड लिहितात. मला ते जमणार नाही, कारण या आठवणीत वाईट वागलेली बाई मीच आहे.

मालूताई माझ्या थोरल्या जाऊबाई. नागपूरहून सरकारी नोकरीपायी भोपाळला आलेलं आमचं कुटुंब. थोरले दीर अचानक गेले तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. दिरांच्या जागी त्यांना कचेरीत नोकरी मिळाली आणि त्या आमच्यातच राहिल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे दणक्यात व्हायचं. आदल्या दिवशी तिळाच्या वड्या त्याच थापायच्या, वाणाच्या वाट्या त्याच निवडून आणायच्या. बायका यायला लागल्या की मात्र मी हळूच म्हणायचे, "ताई, पोरं फार दंगा करतात हो, जरा आत घेऊन बसता?" विधवेला बाहेर बसू नका असं तोंडावर म्हणायला नको, म्हणून शोधून काढलेली ही युक्ती. मला ती फार सभ्य वाटायची. त्याही "हो गं" म्हणून आत जायच्या.

आत त्या गोष्ट सांगायच्या. दर वर्षी एकच, त्यांच्या लहानपणच्या, कव्हर फाटलेल्या पुस्तकातली. जंगलात लग्न असतं. साळूचे काटे टोचतील म्हणून तिला मांडवात बोलवत नाहीत, सगळ्यांची पिल्लं सांभाळायला मागे ठेवतात. मग लांडगा येतो, साळू काटे फुलवून त्याला पळवून लावते आणि शेवटी सिंह स्वतः येऊन तिला मांडवात नेतो. पोरं टाळ्या पिटायची. बाहेर आम्हाला त्या टाळ्या ऐकू यायच्या आणि एखादी म्हणायची, "बघा, कशा रमल्यात पोरांत!"

एका वर्षी माझ्या सहा वर्षांच्या ऋचानं विचारलं, "काकू, साळू म्हणजे तूच ना?" मालूताईंनी तिच्या हातावर वडी ठेवली. पण कार्टी कसली ऐकते! "आणि सिंह आलाच नसता तर?" ऋचा आता मोठी झाली, पण अजून सांगते, काकू म्हणाली, "मग ती आपली आपणच गेली असती." आणि उठली.

त्या दार उघडून बाहेर आल्या, मागे सगळी पोरं. सतरंजीवर बायकांच्या ओळीत जागा होती तिथे बसल्या, पदर सावरून. माझ्या हातात कुंकवाची कोयरी. एकेकीला लावत मी त्यांच्यापर्यंत पोचले. त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणीही नव्हती... आणि मी पुढच्या बाईकडे वळले. सासूबाई बघत होत्या, बायका बघत होत्या, रीत होती. ही सगळी कारणं मी इतकी वर्षं घोटली आहेत, एकही धड नाही. मालूताई उठल्या नाहीत. शेवटची बाई जाईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. नंतर माझ्याबरोबर कपबशा विसळल्या.

त्या उन्हाळ्यात त्यांनी शहराच्या पार टोकाला, मिसरोदला दोन खोल्या घेतल्या. "अहो, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं. "म्हणू देत गं," त्या म्हणाल्या आणि ट्रंक उचलली. पुढच्या संक्रांतीला त्यांनी स्वतःचं हळदीकुंकू केलं. विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, बिनलग्नाच्या, सगळ्यांना बोलावून. मला फोन केला. दर वर्षी केला. आणि दर वर्षी माझं काहीतरी निघालं: पाहुणे, गुडघे, होशंगाबाद रोडची गर्दी. लोक त्यांना खंबीर म्हणायचे. मीही म्हणायचे. एकदा खंबीर म्हटलं की आपल्याला काही करावं लागत नाही.

यंदाची संक्रांत त्यांच्यामागे शेजारणींनी केली, त्यांच्याच खोलीत. मी गेले. ऋचानं हाताला धरून नेलं म्हणा. तिथे पोरांना आत बसवलेलं नव्हतं, ती बायकांतच लुडबुडत होती. शेजारणीची आठ वर्षांची पिहू म्हणाली, "साळू की कहानी मैं सुनाऊँगी, आंटी वाली!" या गोष्टीत सिंह नव्हता. साळू आपल्या पायांनी मांडवात गेली. हरीण सगळ्यांना फुलं वाटत होतं. ते साळूपाशी आलं आणि तिला सोडून पुढे गेलं. साळू रडली नाही. तिनं नदीपलीकडे आपला मांडव घातला, ज्यांना कुणी बोलवत नाही त्यांना बोलावलं, आणि दर वर्षी पहिलं बोलावणं हरणाला धाडलं.

"फिर? हिरन आया?" मी विचारलं.

"नहीं ना," पिहू म्हणाली. "मैं हर बार पूछती थी. आंटी बोलती थीं, अगले साल आएगा."

ती वडी तोंडात टाकून खेळायला पळाली. मी आले आहे, एवढंसुद्धा मला त्या पोरीला सांगता आलं नाही.