धुरानं पडलेलं विमान

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचाच राग येतो. मी मूळचा साताऱ्याकडचा. भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी म्हणून येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते.

सकाळी दहाच्या सुमारास फोन आला. सिहोऱ्याच्या पुढे, धान कापून मोकळ्या झालेल्या शेतात प्रशिक्षणाचं एक छोटं विमान उतरता उतरता उलटलं होतं. आम्ही पोचेपर्यंत गावकऱ्यांनी शिकाऊ वैमानिक मुलीला काढून रुग्णालयात हलवलं होतं. जबडा मोडल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. बंदोबस्त लावला, पंचनामा केला.

तेवढ्यात गावातल्याच एकानं बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, शेतमालक सकाळपासून तणस जाळून राहिला होता. धुरात त्या पोरीले काही दिसलंच नसन." तणस म्हणजे धानाचा पेंढा. राख खरोखरच धुमसत होती. मला वाटलं, प्रकरण सुटलं.

शेतमालकाला ठाण्यात आणलं. साठी उलटलेला माणूस, खुर्ची दिली तरी उभाच.

"विमान कशानं पडलं?"

"धुऱ्यानं पडलं जी."

"तो तुमचाच ना?"

"माहाच होय जी. आता लपवून काय करू?"

इतक्या सरळ कबुलीची मला सवय नव्हती. 'माझ्या धुरामुळे' असं लिहिलं आणि नियमाप्रमाणे जबाब वाचून दाखवला. त्यानं मान डोलावली. निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवून त्याला आत घालायचं, एवढंच उरलं होतं. त्याची बायको बाहेर पायरीवर बसून होती.

ठाण्यातल्या, याच जिल्ह्यातल्या लाखनीकडच्या हवालदारानं कागद वाचला आणि तो थांबला. "साहेब, तुम्ही धूर लिहिलं. हे धुरा म्हणून राहिले. इकडे बांधाले धुरा म्हणतेत."

आम्ही तिघं पुन्हा शेतात गेलो. बांधाची माती खरवडलेली, पलीकडे विमानाचं तुटून पडलेलं पुढचं चाक. पंचनाम्यात मी चाक लिहिलं होतं, बांध नव्हता लिहिला.

"मागच्या साली मीच उंच केला, पाणी थांबावं म्हणून," म्हातारा म्हणाला. "पोरगी वाचन ना जी?"

ती वाचली. काही दिवसांनी तिनं जबाब लिहूनच दिला. इंजिन बंद पडलं होतं. धुरावरून वाऱ्याची दिशा कळली, म्हणून तिनं तेच शेत निवडलं. बांध मात्र अगदी शेवटी दिसला. ज्या धुरापायी मी त्याला कोठडीत टाकणार होतो, त्यानं तिला मदतच केली होती.

जबाब वाचून दाखवला की आपण सुटलो, असं आम्हा पोलिसांना वाटतं. पण ऐकणारा त्यात आपलाच शब्द ऐकतो. पुढे नोकरीभर, न कळलेला शब्द विचारायची मी लाज धरली नाही.

त्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तो बुचकळ्यात पडला.

"माफी कायले जी?" तो म्हणाला. "धुरा तं माहाच होता."