ताटीजवळचा खिळा

खोलीत यायचा, मधोमध उभा राहायचा, अंगातली बंडी मानेपर्यंत वर सरकवायचा आणि उघडी पाठ ताटीकडे करून डोळे मिटायचा. दहा-बारा श्वास तसाच. मग बंडी खाली ओढून म्हणायचा, "आता बेस आहे." नाहीतर, "अजून एक खेप लागते." तिसरं काही त्या पाठीने कधी सांगितलं नाही, आणि सांगितलेलं चुकलं असंही मला आठवत नाही.

हा आमच्या साहेबांच्या बंगल्यावरचा पाणीवाला. चांद्याचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना ताटी म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. दारात वाळ्याच्या मुळांचा जाड पडदा लावायचा आणि त्यावर बाहेरून पाणी मारत राहायचं. बाहेरची लू त्या ओल्या वाळ्यातून आत येताना गार होते आणि वासाची होते. आतला माणूस 'वा' म्हणतो. बाहेरचा विहिरीकडे जातो. विहीर बंगल्यापासून बरीच लांब होती. कावडीला दोन डबे लावून तो दिवसभर खेपा घालायचा, डोक्याला ओलं फडकं आणि ओठात तंबाखू.

त्याचं नाव मी लिहीत नाही. ते नाव मी साहेबांसमोर एकदाच नीट, पूर्ण, आडनावासकट उच्चारलं, आणि तेव्हा खोटं बोललो. आम्ही सगळे त्याला भाऊच म्हणत असू. साठीचा होता. चांद्याहून दोन कोसांवर मूल तालुक्याच्या वाटेला त्याचं गाव. जातीने ढीवर. गावच्या तलावात मासे धरायचे आणि उन्हाळ्याचे तीन महिने या बंगल्यावर पाणी मारायचं, हे वीसएक वर्षं चाललेलं. त्याने गोरे साहेब गार केले, काळे साहेब गार केले, आणि कुणाचीही तक्रार नव्हती.

मग आमचे साहेब आले. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात. पुण्याकडचे. कोणत्या खात्याचे ते राहू द्या, हाताखालची माणसं सगळ्या खात्यांत सारखीच घामेजतात. साहेबांनी ट्रंकेतून सर्वांत आधी काय काढलं असेल, तर लाकडी पट्टीवर बसवलेला फॅरनहाइटचा थर्मामीटर. तो त्यांनी आपल्या टेबलासमोरच्या भिंतीला खिळा ठोकून लावला आणि मला बोलावून सांगितलं, "ऐंशी. या खोलीत मला ऐंशी अंश हवेत. ऐंशीच्या वर माणसाचा मेंदू काम करत नाही."

ऐंशीच्या खाली तो करतो, याचाही पुरावा आमच्या कचेरीत कुणी पाहिला नव्हता. पण मी तेव्हा पंचविशीतला कारकून. "होय साहेब" म्हणालो. बंगल्यातलीच एक खोली त्यांची कचेरी, आणि शेजारच्या पडवीत मी. दर तासाला आत जाऊन काच वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा, हे माझं नवीन काम.

मे महिन्यात चांद्याला बंद खोलीत ऐंशी अंश म्हणजे काय मागणं आहे, हे तिथे राहणाऱ्याला कळेल. ताटी कितीही भिजवा, समोरच्या भिंतीवर काच पंच्याऐंशीच्या खाली येईना. साहेब मला हाक मारत. "आत्ता पंच्याऐंशी आहेत. पाच अंश कुठे गेले?" जणू मीच ते डब्यात घालून घरी नेले होते. मी बाहेर येऊन पाणीवाल्यावर ओरडायचो. तो कावड उचलायचा.

"काच काय म्हनते बाबू?" तो विचारायचा.

"पंच्याऐंशी."

"मंग तिले म्हना, बंडी काढून पाह्य."

"भाऊ, थट्टा नको. साहेब माझ्यावर तापतात."

"साहेब तापून राह्यले ते ताटीनं कसे गार होतीन? ताटी हवेसाठी आहे."

त्याला दिवसाला दहा खेपा पुरायच्या, त्या वीस झाल्या. खोली ओलीचिंब, कागद मऊ पडलेले, काच पंच्याऐंशीवर. एकदा तो कावड टेकवून पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. मला वाईट वाटलं, असं मी त्या रात्री बायकोला सांगितलं. वाटलं असेलही. पण मला जास्त कशाचं वाईट वाटत होतं, तर रोज पाच अंशांचा जबाब देण्याचं.

साहेब दोन दिवस दौऱ्यावर गेले तेव्हा मी तो खिळा उपटला आणि ताटीला लागून, चौकटीच्या आतल्या बाजूला ठोकला. ओली हवा आत शिरते ती तिथेच. थर्मामीटर लावला. घटकाभरात काच एकोणऐंशीवर आली. भिंतीवर जुन्या खिळ्याचं भोक मात्र डोळ्यासारखं बघत राहिलं.

पाणीवाला आत आला, मधोमध उभा राहिला, बंडी वर केली. मग डोळे उघडून त्याने आधी काच पाहिली, नंतर भोक. कमरेची चुन्याची डबी काढली, बोटभर चुना घेऊन त्या भोकात दाबला आणि अंगठ्याने सारखा केला. भिंतीला चुनाच होता, दिसेनासं झालं.

"असं अर्धं काम करू नये बाबू," तो म्हणाला. "आता बेस आहे."

साहेब परतले. टेबलाशी बसले, काचेकडे पाहायला मान वर केली, ती सापडेना, मग ताटीजवळ सापडली. मी घाईघाईने म्हणालो की तिथे उजेड बरा पडतो, वाचायला सोपं जातं. साहेबांनी आकडा पाहिला आणि बाकीचं ऐकलंच नाही. एकोणऐंशी. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी पुढे त्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिलं नाही. खुर्चीजवळ हवा होती तशीच होती, त्यांच्या कपाळावर घाम होता. चार वाजता त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "जरा गारवा जास्तच वाटतोय. ती शाल द्या."

मी शाल दिली. तुम्हाला खोटं वाटेल, पण पंच्याऐंशी अंशांत, मे महिन्यात, चांद्याला, एक सुशिक्षित माणूस शाल पांघरून बसला आणि दोनदा शिंकला. पाणीवाल्याने ताटीच्या फटीतून हे पाहिलं. तो विहिरीपर्यंत हसत गेला, कावडीचे डबे हलताना दिसत होते.

पंधरवडा सुखात गेला. खेपा पुन्हा दहावर आल्या. मग जूनच्या तोंडाला तो माझ्याकडे आला.

"बाबू, एक दिवस सुट्टी पायजे. परवा तलाव धरतेत."

त्यांच्या गावची रीत अशी, की पावसाआधी तलावाचं पाणी तळाला गेलं की एक दिवस ठरवून सगळी ढीवरं जाळी घेऊन एकदम उतरतात. मासळीचे वाटे काठावरच पडतात. ज्या घरचा माणूस पाण्यात नाही त्या घराला वाटा नाही. त्याच्या घरी तो आणि त्याची बायको. वाट्याची मासळी वाळवून ती दोघं पावसाळा काढत.

मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "जाऊ दे. पण त्या दिवशी ऐंशीच्या वर गेलं, तर त्याला सांगा, परत यायचं काम नाही. ना यंदा, ना पुढे."

मी ते त्याला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "वीस वर्सं झाले इथी," तो म्हणाला. "मासे सोडतो मी. ताटी नाई सोडत."

आणि मग मी ते वाक्य बोललो. "जा भाऊ. त्या दिवशी पाणी मी मारतो."

त्याने माझ्या खांद्याकडे पाहिलं. "कावड जड आहे बाबू."

"दहा खेपा ना? मारतो."

"दोन-दोन घटकांनं मारजा. ताटी वाळू देऊ नका. वाळली का तिच्यातूनच आग येते."

त्या दिवशी मी दोन खेपा मारल्या. पहिलीत धोतर भिजलं, दुसरीत खांद्याची साल गेली. तिसरीच्या आधी, फक्त घाम पुसेपर्यंत म्हणून, कडुलिंबाच्या झाडाखाली बसलो. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला जाग आली ती साहेबांच्या हाकेने.

साहेब दुपारी आरामखुर्चीत झोपत. त्या दिवशीही झोपले होते, आणि घोरण्यावरून सांगतो, चांगले झोपले होते. जागे झाले आणि सवयीने ताटीजवळ पाहिलं. ताटी वाळून कोळ झाली होती, तिच्यातून लू सरळ काचेवर येत होती. अठ्ठ्याण्णव. तो आकडा वाचल्यावर साहेबांना घाम फुटला. मी आत गेलो तेव्हा ते सदऱ्याची बटणं सोडत होते. "मी भाजून निघालोय," म्हणाले, आणि काचेपाशी जाऊन थबकले. तोंडावर झळ आली असणार. त्यांनी मान वळवून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा मेंदू चालला, आणि तोही अठ्ठ्याण्णव अंशांत.

ते भिंतीशी गेले, बोट फिरवलं, नखाने खरवडलं. चुन्याची गोळी निघून खाली पडली.

"तरीच मला रोज अस्वस्थ वाटायचं," शालवाले साहेब म्हणाले. "हा खिळा कुणी हलवला?"

उजेडाची सबब मीच सांगितली होती, ती त्यांना आठवली असती तर मी तिथेच संपलो असतो. पण त्यांनी खालची गोळी उचलली आणि वास घेतला. "तंबाखूचा वास आहे. चुना कोण बाळगतं इथे?"

मी पान खात नव्हतो, तंबाखू खात नव्हतो. बंगल्यात चुन्याची डबी एकाच माणसाच्या कमरेला होती. त्याने माझं अर्धं काम पुरं केलं होतं, तेच पुरेसं झालं. मी त्याचं नाव सांगितलं. आडनावासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. हातात पळसाच्या पानांत बांधलेली मरळ, ओली, शेपटी बाहेर आलेली. साहेब पडवीतच उभे होते. त्यांनी त्याला पायरी चढू दिली नाही. खिळा हलवून सरकारची फसवणूक केलीस, म्हणाले. कारकुनांनी सगळं सांगितलं आहे, म्हणाले. मी वहीत मान घातली होती.

मग त्याचा आवाज आला. "हव साहेब. मीच हालवलो. तुमाले गार वाटाव म्हून."

साहेब आत गेले. तो माझ्या टेबलाशी आला, मासा टेबलावर ठेवला, वहीपासून जरा दूर, आकडे ओले होऊ नयेत असा. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय दिसलं असतं, याचा विचार मी आजवर करतो.

"बाबू," तो हळूच म्हणाला, "कावड लई जड लागली काय?"

आणि गेला.

मासा मी घरी नेला. बायकोने विचारलं, कुणी दिला. पाणीवाल्याने, म्हणालो. तिने तिखट रस्सा केला. मरळीला काटे फार नसतात, ती घशाखाली सहज उतरते. मी दोनदा वाढून घेतलं. हे लिहायला मला पंचवीस वर्षं लागली.

पुढच्या उन्हाळ्याआधी साहेबांची बदली झाली. नवे साहेब साधे होते, त्यांना काच नव्हती, गार वाटलं म्हणजे झालं. मी सायकल काढली आणि मूलच्या वाटेने त्याच्या गावी गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. माफीचं एक, परत बोलावण्याचं एक.

घर सापडलं. कुडाच्या भिंतीला कावड टेकून ठेवली होती, तिच्या दोऱ्यांवर कोळ्याचं जाळं. बायको बाहेर आली. म्हातारी, कपाळ मोकळं. तो माघातल्या थंडीत गेला होता, चार दिवसांच्या तापाने. ती ते अगदी साध्या आवाजात सांगत होती.

"तुमी कोन?" तिने विचारलं.

"मी बंगल्यावरचा बाबू."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. आणि मग ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"कावडवाले बाबू," ती म्हणाली. "दोन खेपा मारल्या अन् झोपले, ते तुमी?"

"त्यांना कसं कळलं?"

"ताटीखालच्या मातीवरून समजलं म्हने. दोनच खेपांची ओल होती, अन् कावड लिंबाखाली पडली होती. लई हासत होते ना. कोनी आलं का तुमचंच सांगत. बुढा गेला त्याच्या आदल्या दिवशीबी सांगितलं."

"आणखी काय सांगत?"

ती विचारात पडली. "अजून तं काई नाई," म्हणाली. "का होतं अजून?"

खिळ्याचं, चुन्याचं, त्या सकाळचं त्याने घरी सांगितलंच नव्हतं. काम का सुटलं म्हणून तिने विचारलं असेल, तेव्हा काय उत्तर दिलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. जुळवून आणलेल्या वाक्यांपैकी एकही मी बोललो नाही. मी बोललो असतो तर तिचं हसू गेलं असतं, असं मी स्वतःला सांगतो. मी स्वतःला बरंच काही सांगत आलो आहे.

तिने मला सावलीत बसवलं. दोन कोस उन्हात सायकल हाणली होती, सदरा पाठीला चिकटला होता. घागरीतलं पाणी तिने आधी प्यायला दिलं, मग ओंजळभर घेऊन माझ्या मानेवर मारलं, आणि थोडी थांबली.

"आता बेस वाटते काय बाबू?"

मी मान हलवली.