सात दिवसांची गाडी

आमच्या ह्यांनी आयुष्यात दोन-अडीच लाख गाड्या चालवल्या आणि त्यातली एकही अर्ध्या किलोमीटरच्या पुढे नेली नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मी शालन. कासारवाडीत अंगणवाडीतली पोरं सांभाळून केस पांढरे केले, मला कुणाच्या हसण्याचं काही वाटत नाही.

हे, म्हणजे विलास, चाकणला मोटारीच्या कंपनीत यार्डला होते. तयार झालेली गाडी लाइनवरून बाहेर पडली की तिच्यात बसायचं, पिवळ्या पट्ट्यांमधून सावकाश यार्डात न्यायची, रांगेत लावायची आणि पुढच्या गाडीसाठी चालत परत यायचं. बावीस वर्षं हेच. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढायची परवानगी नाही. घरी आले की यांच्या कपड्यांना कोऱ्या गाडीचा वास यायचा, आणि आमच्या दारात तेव्हा साधी सायकल होती.

रिटायर झाल्यावर एकच हट्ट धरला. गाडी घ्यायची, ती आपल्याच कंपनीची, शेवटची आठ वर्षं जे मॉडेल लावलं तेच, आणि पांढरीच. कंपनीची बस रोज गेटाशी वळायची आणि नाशिकचा रस्ता सरळ पुढे निघून जायचा, तो यांच्या डोक्यात बसला होता. "त्या गेटावरून न वळता पुढे जायचं, शालन. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, थेट ओतूरला तुझ्या बहिणीच्या दारात." बोलताना डोळे असे व्हायचे की मी भाजीत मीठ टाकायचं विसरायचे.

आमचा नागसेन तळवड्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं मोबाईलवर शोधून चार वर्षं वापरलेली पांढरी गाडी आणवली. विकणाऱ्यांची अट अशी होती, की सात दिवसांत पसंत नाही पडली तर त्यांचा माणूस येऊन परत नेणार. पसंत न पडायला काय झालं, असं तेव्हा आम्हाला वाटलं. नागसेननं ती विहारात नेली, फुलं वाहिली, वंदना घेतली, मग यांनी भोसरीपर्यंत चक्कर मारली आणि शेजारच्या सोपानरावांच्या मोकळ्या जागेत लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेथीचे पराठे बांधून, नवं लुगडं नेसून खाली आले. यांनी चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. गिअर काढून बघितला, क्लच पायाखाली पुरता दाबला, तरी आवाज नाही. समोरच्या घड्याळातले आकडेसुद्धा गेलेले. मी मांडीवर पराठे घेऊन बसलेली.

सोपानराव इथले जुने शेतकरी. जिथं आमची गाडी उभी असते तिथं त्यांच्या बापाचा हरभरा होता. ते काठी टेकत आले. "लिंबू बांधलं न्हाई तुमी, म्हनून आडलीया."

"सोपानराव, आमच्यात लिंबू नाही बांधत. आणि लिंबानं गाड्या चालल्या असत्या तर पेट्रोल कशाला भरलं असतं?" मी म्हणाले. ते हसले आणि तिथंच कट्ट्यावर बसले. हलायचं नावच घेईनात.

मग गॅरेजवाला कुलदीप आला. त्यानं मीटर लावून बॅटरी बघितली, ती भरलेली. बॉनेट उघडून दहा ठिकाणी हात घातला. शेवटी स्टिअरिंगच्या खाली वाकला आणि फ्यूज सगळे ओळीनं दाबले. गाडी चालू. "नेमकं काय होतं रे?" मी विचारलं. "काय माहीत काकू. झाली ना चालू." तोवर दुपार झालेली. ओतूर राहिलं, कुठं न थांबता मोशीपर्यंत जाऊन आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. पाचव्या दिवशीही तेच. मध्ये एक रात्र कुलदीपनं गाडी स्वतः नेऊन आपल्या गॅरेजात लावली. सकाळी एका चावीत चालू झाली. यांनी घरी आणून लावली, की दुसऱ्या दिवशी मुकी. मी विकणाऱ्याला फोन करून असं काही झाडलं की तो मला मावशी म्हणायला लागला. सोपानराव म्हणाले, "माज्या जागंत काय हाय का काय?" आणि बिचाऱ्यांनी खरंच जागा झाडून घेतली.

शेवटी कुलदीपनं हात टेकले. "वायरिंगमध्ये कुठंतरी लपलेला फॉल्ट आहे. असली गाडी ठेवू नका, काकू. अजून मुदत आहे, देऊन टाका."

नागसेनचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते, म्हणून स्पीकर चालू केला. तो म्हणाला, "आई, शनिवारी अकराला माणूस येईल न्यायला. आणि दुसरी नको आता. यार्डात चालवणं वेगळं. पप्पांना खरंच जमत नसेल, वय झालं त्यांचं." हे दारात उभे होते. मी लाटणं टाकून फोन बंद केला, पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं.

"दे परत," एवढंच म्हणाले. जेवले नीट, पण त्या रात्री एकदासुद्धा ओतूरचं नाव निघालं नाही. मला इतका राग आला होता, पोराचा, गाडीचा, कुलदीपचा, सगळ्यांचा. या माणसानं दुसऱ्यांच्या गाड्यांवर ओरखडा येऊ दिला नाही कधी. स्वतःची म्हणून एक मागितली, तीही सात दिवसांची निघाली.

शनिवारी पहाटेपासून धुकं होतं. नदीकडून आलं होतं आणि खालची जागा, कट्टा, सोपानरावांचं शेड सगळं गिळून बसलं होतं. हे फडकं घेऊन खाली गेले. परत द्यायची तरी पुसून देणार. मी थर्मासमध्ये चहा घेऊन मागं गेले आणि शेजारच्या सीटवर बसले. "बसा हो जरा. अकराला वेळ आहे."

ते बसले. काचेबाहेर काहीच दिसत नव्हतं. रेल्वेचा आवाज यायचा तोही कुठून कुठं जाणारा ते कळत नव्हतं. चहाच्या वाफेनं काचा आतून भरल्या आणि मला वाटायला लागलं, आपण निघालोय. खरंच वाटलं. चाकं हलत नव्हती, पण मला मंचरचा बाजार दिसला, नारायणगावची टोमॅटोची कॅरेटं दिसली, कुकडीच्या कालव्याचं पाणी बाजूनं चाललेलं दिसलं. बोलले असते तर उतरावं लागलं असतं.

"यार्डात असंच धुकं असायचं," हे म्हणाले. आवाज लांबून आल्यासारखा. "थंडीत, पहिल्या शिफ्टला. तीन हजार गाड्या, सगळ्या उभ्या, आणि एकीतही माणूस नाही. मी मधून चालायचो. वाटायचं, या सगळ्या झोपल्यात आणि मी एकटा जागा आहे. एखादीला विचारावं, कुठं जाणार गं तू? कोकणात जाशील? नागपूरला?"

"विचारायचात खरंच?"

"कधी कधी."

मला हसू आलं. म्हटलं, "दाखवा बरं मला. कशी लावायचात गाडी?"

त्यांनी डोळे मिटले. स्टिअरिंगवर हात ठेवले. "ही लाइनवरून निघाली. पहिला गिअर. पिवळी पट्टी. आता डावीकडे, सी रांग." हात वळत होते, मान वळत होती. मी बावीस वर्षं डबे भरले या माणसाचे आणि त्याचं काम आज पहिल्यांदा बघत होते. "बासष्ट, त्रेसष्ट. चौसष्ट नंबर मोकळा. आत घेतली. गिअर काढला. हँडब्रेक. चावी बंद." आणि मग काही न बोलता त्यांचा डावा हात हँडब्रेकवरून स्टिअरिंगच्या खाली गेला, गुडघ्याजवळ, आणि दोन बोटांची चिमूट करून काहीतरी बाहेर ओढलं. मग दार उघडायला उजवा हात गेला.

"थांबा," मी म्हणाले. "आता डाव्या हातानं काय केलंत?"

"कुठं काय केलं?"

"पुन्हा करा."

पुन्हा केलं. हँडब्रेक, चावी, आणि हात खाली. या वेळी मी तो तिथंच धरला. आम्ही दोघं वाकून बघितलं. फ्यूजच्या डब्यात एक फ्यूज अर्धा बाहेर होता आणि यांची चिमूट त्याच्यावर बरोबर बसलेली होती.

यांनी चिमूट सोडली आणि बोटं डोळ्यांसमोर धरून बघितली. मग हळूहळू सांगितलं. गाड्या यार्डात महिना-महिना उभ्या राहतात, बॅटरी उतरू नये म्हणून लावणाऱ्यानं हा फ्यूज ओढून ठेवायचा. गाडी विकायला निघाली की आत दाबायचा, पण ते काम डिस्पॅचच्या लोकांचं. "मी फक्त ओढायचो, शालन. दाबला कधीच नाही. मला कळलंसुद्धा नाही गं, रोज मीच," एवढं म्हणाले आणि रडायला लागले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा हा माणूस असा रडला नव्हता. "नागसेनला सांगू नकोस. म्हणेल, डोकं गेलं बापाचं."

"डोकं जागेवर आहे तुमचं. हात तेवढा अजून ड्युटीवर आहे. दाबा तो फ्यूज."

"तू दाब," ते म्हणाले.

मी दाबला. टक् झालं. घड्याळाचे आकडे उजळले. त्यांनी चावी फिरवली आणि गाडी चालू झाली, वायपरनं काच पुसली, धुक्यातून कट्टा दिसला आणि कट्ट्यावर सोपानराव, कधीचे येऊन बसलेले.

मी नागसेनला फोन लावला. "माणूस पाठवू नकोस. गाडी राहणार. आम्ही ओतूरला चाललोय." तो काय झालं, कसं झालं विचारत राहिला. म्हटलं, रेंज नाही.

चाकणला गेट आलं. यांनी वेग कमी केला नाही. एक बस आत वळली. आम्ही सरळ गेलो. पुढं ऊन पडलं, आणि सकाळी बंद गाडीत जे जे दिसलं होतं ते सगळं एकेक करून खरोखरचं समोरून आलं, फक्त कालव्याला पाणी नव्हतं.

ओतूरला सुभद्राताईच्या दारात चिंचेखाली गाडी लावली. ताई, तिच्या सुना, शेजारपाजारचे, सगळे ओट्यावर येऊन उभे. यांनी गिअर काढला, हँडब्रेक ओढला, चावी बंद केली. डावा हात निघाला खाली. मी तो मधेच पकडला आणि माझ्या मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

"अगं, लोक बघतायत," हे म्हणाले.

ताईच्या सुना तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. चारचौघांत आम्ही कधी एकमेकांचा हात धरला नव्हता. हल्ली रोज धरते. गाडी कुठंही लागली की पहिला तो हात. कासारवाडीत बायका म्हणतात, शालनबाईंना म्हातारपणी काय हे सुचलंय. मी कुणाला काही सांगत नाही. ते दुसऱ्या हातानं दार उघडतात, एक पाय बाहेर टाकतात आणि म्हणतात, "सोड आता, उतरलो." मी आणखी थोडा वेळ धरून ठेवते.