चपलांच्या कपाटाशेजारचा सबवूफर

सुधाकरराव गेल्याचे कळले तेव्हा मी पोलीस चौकीत होतो. आमच्या विश्रांतवाडीच्या चौकात कोणा होतकरू नेत्याच्या वाढदिवसासाठी आदल्या दिवसापासून ध्वनिवर्धकांची भिंत उभी होती आणि तिच्याविरुद्धच्या अर्जाची पोच घेण्यासाठी मी बाकावर बसलो होतो. फोन त्यांच्या मुलीचा, मुग्धाचा. "काका, बाबा गेले... झोपेतच." पोच न घेता चौकीतून उठण्याची ती माझी पहिलीच वेळ. त्यांच्या घरी पोचलो, तर सुधाकररावांना हॉलमध्ये खाली ठेवलेले आणि चौकातल्या त्या भिंतीच्या प्रत्येक ठोक्यासरशी खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम मला कलमांसह पाठ आहेत. त्या दिवशी एकही कलम आठवले नाही. आठवले ते इतकेच, की या माणसाने आयुष्याची अखेरची वर्षे ह्याच खालच्या, घुमणाऱ्या आवाजाला माणसाळवण्यात घालवली होती... त्या दिवशी मी खाली जाऊन भांडलो नाही. नंतर पत्रही लिहिले नाही.

आमची ओळखही तक्रारीनेच झाली. हडपसरच्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यावर ते आमच्या इमारतीत, नेमके माझ्या खालच्या घरात राहायला आले. काही दिवसांतच माझ्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची स्टीलची पातेली संध्याकाळच्या सुमारास आपोआप कुरकुरू लागली. मी रीतसर अर्ज लिहिला आणि स्वतः नेऊन दिला. त्यांनी तो दारातच उभ्याने, शेवटपर्यंत वाचला.

"अर्ज उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त 'कर्णकर्कश' चुकलंय. कर्कश वरचे आवाज असतात. हा घुमतोय. तुम्हाला वर जितका त्रास होतो ना, त्याहून जास्त मला खाली होतोय. आत या, वकीलसाहेब."

मी वकील नाही. महसूल खात्यात नोकरी केली. पण ते संबोधन मला अखेरपर्यंत चिकटले.

हॉलच्या कोपऱ्यात एक काळा, चौकोनी, कुरूप डबा होता. तो सबवूफर. स्टिरिओचे दोन सुबक स्पीकर जिथे दमतात, तिथून खालचा खर्ज ह्याने उचलायचा, अशी योजना. सुधाकररावांना त्यातून ऐकायचा होता एकच माणूस. त्यांचे थोरले बंधू, दादा, पखवाज वाजवीत. दादा कधीच गेले होते. मागे होती घरी टेपरेकॉर्डरवर केलेली एक ध्वनिफीत. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, तिच्यामुळे 'धा'ला पोटातून येणारा हुंकार मिळतो. "लहानपणी मी त्या बाजूलाच बसायचो," ते म्हणाले. "या स्पीकरांवर दादा टेबल बडवतोय असं वाटतं. हा डबा लावला, तर दादा विहिरीत पडल्यासारखा वाटतो. आणि माझे कान चाललेत हो. डॉक्टर म्हणतात, वरचं आधी जातं, खालचं टिकतं. टिकतंय तोवर एकदा दादा इथं बसायला हवा."

एरवी लोक डबा कोपऱ्यात सारतात, आवाज वाढवतात आणि शेजाऱ्यांशी वैर धरतात. सुधाकररावांनी कोठूनतरी एक रीत शोधून काढली. सबवूफर उचलून आपल्या ऐकण्याच्या आरामखुर्चीत ठेवायचा, ध्वनिफीत लावायची आणि आपण भिंतीच्या कडेकडेने, कान जमिनीलगत नेत रांगायचे. जिथे खर्ज स्वच्छ ऐकू येईल, ती त्याची जागा. मग तो तिथे आणि आपण खुर्चीत. त्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. तेव्हा अर्जदारालाच रांगावे लागले. खुर्चीत सबवूफर अध्यक्षासारखा विराजमान, ते शेजारी स्टुलावर, आणि मी चार पायांवर, अशा अवस्थेत मुग्धा जेवणाचा डबा घेऊन आली.

"बाबा, काकांचं काय हरवलंय?"

"संताप. सापडला तर परत देऊ नकोस."

कोपऱ्यात तो घुमत होता, टीव्हीखाली नाहीसाच होत होता. दारालगत, चपलांच्या कपाटाशेजारी मात्र 'धा' एकदम गोल, कोरडा, जिवंत ऐकू आला. मी हरकत घेतली, की पखवाज चपलांशेजारी बसवणे औचित्याला धरून नाही. सुधाकरराव हसले. "दादा भजनाला दाराशीच बसायचा. एका डोळ्यानं सगळ्यांच्या चपला राखायच्या असत. बसू द्या."

जागा मिळाली, पण काम तिथे संपले नाही. डब्याच्या मागच्या बाजूला तीन बटणे: आवाज किती, स्पीकरांकडून सूर कुठे हाती घ्यायचा, आणि दोघांची लय जुळावी म्हणून त्याचा ठोका किती पुढेमागे सरकवायचा. हे एकट्याने जमत नाही. खुर्चीतून उठले की ऐकणे बदलते. म्हणून एकाने खुर्चीत बसून सांगायचे, दुसऱ्याने मागे वाकून फिरवायचे. कित्येक संध्याकाळी आम्ही हेच केले. "थोडं मागं... पुढं गेलात... थांबा." शेवटी शेवटी ते आवाज कमीच करायला सांगत. मी वैतागून म्हणालो, "अहो, आता हा ऐकूच येत नाही."

"मग बरोबर. पाहुण्याला कळलं की सबवूफर आहे, तर आपण नापास."

त्यांनी पुन्हा फीत लावली. दादांनी घसा खाकरला, बोल म्हटले, आणि हात पडला. सुधाकररावांनी डोळे मिटले नाहीत. ते दाराकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आला." मग जमिनीवर डब्याच्या चारी कोपऱ्यांना त्यांनी पिवळी चिकटपट्टी लावली.

पुढे माझी तक्रारीची पत्रेही त्यांच्या नजरेखालूनच जाऊ लागली. ते विशेषणे खोडत. "एवढा आवाज चढवलात, तर साहेबाला कलम ऐकू येत नाही." महापालिकेला ती पत्रे तशीही ऐकू आली नाहीत, हा भाग वेगळा.

गेल्या आठवड्यात मुग्धा घर आवरायला आली. ती हडपसरला राहते; हे घर फर्निचरसह भाड्याने द्यायचे ठरले आहे. मी म्हटले, तारा काढण्यापूर्वी एकदा लावू. दादांचा पखवाज सुरू झाला. तिने चपलांच्या कपाटाकडे बोट केले. "काका, हा डबा इथं ठेवल्यावर कधी चालू होता का हो? मला कायम वाटायचं, बिघडलाय आणि बाबा टाकून देत नाहीत."

मी उठून कपाटाशी गेलो. वाकून त्याचे बटण बंद केले.

दादा टेबल बडवू लागले. हॉल एकाएकी मोकळा, परका झाला. मुग्धा हातातली चादर घेऊन खाली बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "सुरू करा ना."

ती मला तो घेऊन जा म्हणाली. पण वर नेला, तर पुन्हा रांगावे लागेल, आणि खुर्चीतून "थांबा" म्हणणारे कोणी नाही. सबवूफर आहे तिथेच राहिला. भाडेकराराचा मसुदा मी केला. त्यात शेवटचे कलम घातले: 'दारालगतच्या कपाटाशेजारील सबवूफर चिकटपट्टीच्या खुणांबाहेर हलवू नये व त्यामागील बटणे फिरवू नयेत.'

मुग्धाने वाचले. "काका, हे कायद्यात टिकेल?"

"कोण तपासायला येणार? नाही टिकणार."

तिने माझे पेन मागितले. मला वाटले, खोडते आहे. तिने फक्त वाक्याच्या सुरुवातीला 'कृपया' लिहिले. करारात 'कृपया' नसते... मी ते तसेच राहू दिले.