नरसव्वा आणि माझे एक वाक्य

रस्त्यात कोणी अचकटविचकट बोलले की बाया मान खाली घालून पाय उचलीत. नरसव्वा थांबायची. डोक्यावरची विड्यांची पाटी कडेवर घ्यायची, बोलणाऱ्यासमोर जाऊन उभी राहायची आणि शांतपणे म्हणायची, "परत म्हण की. नीट ऐकू आलं न्हाय." भवानी पेठेतल्या आमच्या पानपट्टीवरच्या एकाही वीराला तेच वाक्य दुसऱ्यांदा उच्चारता आले नाही. त्या वीरांत मीही होतो, हे आधीच सांगितलेले बरे.

तिची भाची लक्ष्मी तिच्यासारखी नव्हती. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी कॉलेजात होतो. एका सकाळी मी लक्ष्मीला उद्देशून एक वाक्य फेकले, टोळके हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून ती विडी कारखान्याकडे फिरकली नाही. ज्या बाईच्या नावाचे कामाचे कार्ड, तिनेच वळलेल्या विड्या नेऊन द्यायच्या, असा तिथला नियम होता. आणखी दोन दिवस ती गेली नसती, तर कार्ड रद्द झाले असते.

नरसव्वाने माझी कॉलर धरली आणि मला पोलीस चौकीत नेऊन उभे केले.

"कलम हाय मावशी, पाचशे नऊ," हवालदार म्हणाला. "पण काय बोलला ते शब्दाला शब्द लिहावं लागतं. पोरीला आणा."

"पोरगी कशाला? तिनं म्हटलं व्हय? म्हणणारा आणलाय की. कॉलेजात जातोय, लिवता येतंय त्याला."

कागद माझ्यापुढे सरकला. पानपट्टीवर क्षणात सुचलेले ते वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला. हवालदाराने ते वाचले, कानापर्यंत लाल झाला, "अक्षर झकास हाय," म्हणाला आणि चहा सांगायला स्वतःच बाहेर गेला. परतल्यावर त्याने मध्यस्थी केली. "शिकतंय पोरगं. पुढं नोकरीचा वांदा होईल. सोडा की मावशी."

"तिची नोकरी आत्ताच चाललीया," नरसव्वा म्हणाली. "लिवा."

तक्रार नोंदली गेली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी मावशीच्या मागोमाग पाटी घेऊन गेली, तेव्हा पानपट्टीवरचे सगळे वीर अत्यंत एकाग्रतेने पानाला चुना लावीत होते. कार्ड रद्द व्हायचे वाचले. यथावकाश न्यायालयात कारकुनाने माझे वाक्य सामानाची यादी वाचावी तशा आवाजात वाचले. मागे वडील बसले होते. कोणी हसले नाही. मला दंड झाला.

बऱ्याच वर्षांनी नरसव्वा बाजारात भेटली. मी लक्ष्मीचा पत्ता मागितला. तिची क्षमा मागायची आहे, म्हणालो.

"कशापायी? तुजं मन हलकं कराया तिनं पुन्ना तुज्याम्होरं उभं ऱ्हायाचं व्हय?" तिच्या आवाजात राग नव्हता. "बरं चाललंय तिचं. जा घरी."

गेल्या वर्षी नरसव्वा गेली. निरोप मिळताच मी कपडे बदलले, चपला घातल्या. मग ध्यानात आले, तिथे लक्ष्मी असणार. मी चपला काढून ठेवल्या.