कोरं गोत्र

त्र्यंबकेश्वरच्या पूजांचं बुकिंग घेणारी वेबसाइट नाशिकच्या एका छोट्या ऑफिसातून चालायची. ती उभी करणारा रविराज बोरस्ते गेल्या वर्षी अपघातात गेला. त्याने लिहिलेली सगळी हेल्पर फंक्शनं, म्हणजे एकेक बारीक काम करणारे कोडचे तुकडे, एकाच फाइलमध्ये कोंबलेली होती. ती नीट लावायचं काम त्याच्याच हाताखाली शिकलेल्या ज्योत्स्नाकडे आलं.

"तुझ्या गुरूचा पसारा आहे, तूच आवर," ऑफिस सांभाळणारा समीरदादा म्हणाला. "बिनकामाचं असेल ते उडव."

तारखांची फंक्शनं तिने एका फाइलमध्ये नेली, नावांची दुसऱ्या. शेवटी एक उरलं. बुकिंगमध्ये गोत्र कोरं असेल तर ते फंक्शन तिथे 'काश्यप' भरायचं. गोत्र माहीत नसलं की गुरुजीही तेच लावतात. "मला तरी माझं कुठे माहीत आहे!" ते लिहिताना रविराज हसला होता.

आता कोण कोरं ठेवतं, म्हणून तिने ते काढून टाकलं आणि तपासायला उद्याच्या एका श्राद्धाची पावती उघडली.

गोत्राची जागा रिकामी होती. वर नाव होतं, रविराज बोरस्ते. बुकिंग त्याच्या बायकोने केलेलं.

ज्योत्स्नाने फंक्शन परत आणलं, त्याला स्वतंत्र फाइल दिली आणि पावती पुन्हा उघडली. 'काश्यप' उमटलं.

शेजारच्या, रविराजच्या रिकाम्या खुर्चीकडे मात्र तिने वळून पाहिलं नाही.